अनुभव धागा : मराठवाड्यातून सहकुटुंब व्हॅली ऑफ फ्लॉवर्स

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील हे राष्ट्रीय उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर एवढेच खुले असते. फुलांचा खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत येतो आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे शाळा चालू असतात, सोयाबीनची खुरपणी असते आणि तिकडे दरडी कोसळत असतात. मुलाबाळांसह, वडीलधाऱ्यांसह हा मेळ ज्यांनी बसवला, त्यांनी नियोजन कसे केले ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

परभणी : आमची शेती असल्याने बहराचा हट्ट आम्ही धरला नाही. महालक्ष्म्या आटोपल्यानंतर आणि सोयाबीन काढणीला येण्याआधी जे थोडे मोकळे दिवस मिळतात, त्यांत सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली आणि पुढे हरिद्वार गाठले. फुले तुरळक होती. पण उघडीप मिळाल्याने शिखरे स्पष्ट दिसली.

छत्रपती संभाजीनगर : आम्ही मात्र जुलैतच गेलो, कारण फुले नसतील तर एवढ्या लांब जायचे कशाला, असे आमचे स्पष्ट मत होते. मुलांच्या शाळेत रजेचा अर्ज आधीच दिला आणि परतीचे आरक्षण करताना हाताशी दोन दिवस जादा ठेवले. वाटेतल्या जोशीमठ गावाच्या खाली दरड आल्यावर ते दोन्ही कामी आले. मुलीचे नवे बूट तिने आधी दौलताबादच्या पायऱ्यांवर वापरले, तेव्हा टाच कुठे घासते ते घरीच कळले. ऋषिकेश ते जोशीमठ हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर एका दिवसात कापून तिथे मुक्काम करावा, म्हणजे उंचीची सवय होते, कारण आपले शहर सहाशे मीटरच्याही खाली आणि उद्यानाआधीचे मुक्कामाचे गाव घांघरिया तीन हजारांवर आहे. पुलन्यापर्यंत गाडी जाते, पुढे घांघरियापर्यंत साधारण दहा किलोमीटर चढ आहे. वाटेत खेचरे आली की मुलांना डोंगराच्या बाजूला उभे करावे, दरीच्या बाजूला कधीही नाही.

लातूर : सासूबाई घांघरियापर्यंत खेचरावरून आल्या, परंतु उद्यानात खेचरांना मनाई आहे. तिथे पाठीवरच्या टोपलीत, म्हणजे कंडीत, माणसाला बसवून नेणारे कामगार मिळतात. सासूबाईंना ते प्रशस्त वाटले नाही. त्या पुष्पावती नदीच्या पुलापर्यंत सावकाश चालल्या आणि सासऱ्यांसोबत परतल्या. ज्येष्ठांसाठी असा अर्धा टप्पा आधीच ठरवून ठेवावा, म्हणजे ऐनवेळी कोणाचीच कुचंबणा होत नाही.

नांदेड : आमच्या शहरात गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये देह ठेवला आणि घांघरियाच्या वरचे हेमकुंड हे शीख तीर्थ त्यांची पूर्वजन्मीची तपोभूमी मानले जाते, त्यामुळे ते टाळणे शक्यच नव्हते. मात्र हा चढ चार हजार मीटरच्या वर नेतो. त्यासाठी वेगळा दिवस राखावा, पहाटे निघावे, वर मुक्कामाची सोय नाही हे ध्यानात ठेवावे आणि मुलाचे डोके दुखू लागले किंवा त्याला उलटी झाली, तर दर्शनाचा आग्रह न धरता खाली उतरावे. ब्रह्मकमळे आम्हाला याच वाटेवर दिसली.

बीड : उद्यानात एकही दुकान नाही आणि संध्याकाळच्या आत बाहेर पडावे लागते. घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्हा सर्वांना पुरली. धपाटे मात्र दमट हवेत लवकर बुरसतात, ते रेल्वेतच संपवावेत.