बाबांना विद्युतदाहिनी हवी, काकांना लाकडं. कुणाचं ऐकायचं?

थोरला मुलगा: बाबा ८४ वर्षांचे. गेल्या महिन्यात हिशेबाच्या वहीचं शेवटचं पान त्यांनी माझ्यापुढे धरलं: "वैकुंठ स्मशानात विद्युतदाहिनी. लाकडं नकोत. डोळे द्या. दहावं नको. अस्थी सासवडच्या आंब्याखाली." खाली सही, तारीख. सासवडचे काका ते वाचून ताडकन उठले. "माझ्या भावाला बटण दाबून जाळायचं?" चहाला हातसुद्धा लावला नाही. माझं मत पक्कं आहे: देह बाबांचा, शब्दही बाबांचाच राहायला हवा. तुम्हाला काय वाटतं?

कोथरूडकर: मी काकांच्या बाजूने. गेलेला सुटतो, सोसायचं मागच्यांना असतं. माझ्या वडिलांना दाहिनीत नेलं. ट्रॉली आत सरकली, दार खाली आलं आणि पाच मिनिटांत लोक गाड्यांकडे वळले. मी तिथेच उभा. सावडायला गेलो तर राख डब्यात भरून तयार. निरोप अर्धाच राहिला ही रुखरुख आजही आहे.

नवी पेठ: घाई नातेवाइकांनी केली, त्याचं खापर दाहिनीवर का? आईच्या वेळी आम्ही मडकं फिरवलं, कापराने मंत्राग्नी दिला, तिच्या कपाळावर हात ठेवून सगळे थांबलो. मग आत सोडलं. आणि एका चितेला ३०० किलोच्या आसपास लाकूड लागतं हो! वैकुंठाशेजारी राहते मी. वारा इकडे फिरला की दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागतात.

निवृत्त परिचारिका: बाबांना पेसमेकर आहे का? असेल तर दहनाआधी काढावाच लागतो, आगीत त्याचा स्फोट होऊ शकतो. घरी गेले तर डॉक्टरांचा दाखला लागेल, त्याशिवाय दहनाचा पास मिळत नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांत. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हायला हवं. पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा. त्या सहा तासांत भाऊबंदांची समजूत काढत बसलात तर डोळे वाया जातील. बोलायचं ते आत्ता बोला.

कोथरूडकर: दाहिनीचं एक वेळ मान्य. पण दहावं नको? माझे काका गेले तेव्हा पुण्यात ओंकारेश्वराशी पिंडाला तासभर कावळा शिवेना. शेवटी काकू पुढे होऊन म्हणाली, "धाकटीचं लग्न मी लावीन, काळजी करू नका." आणि शिवला. त्यानंतर ती पहिल्यांदा मोकळी रडली. हे कुठल्या वहीत मांडणार?

थोरला मुलगा: पेसमेकर आहे. माझ्या लक्षातच आलं नव्हतं, वहीत लिहिलं. काकूंची गोष्ट बाबांना वाचून दाखवली. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याला दहावं करायचंय तर करू दे, सासवडला. पण लाकडं नकोत म्हणजे नकोत." काका रविवारी येतायत.