धाग्यातली पूड आणि नागपूरचं ऊन

धागा काढताना वितळलेल्या पॉलिमरमध्ये (लांब साखळीसारख्या रेणूंच्या प्लास्टिकमध्ये) घातलेली रसायनं फक्त रंगरूपासाठी असतात, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. नागपूरजवळच्या बुटीबोरीत पॉलिएस्टरच्या कामात काही वर्षं गेली, म्हणून लिहितोय.

टिटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड घ्या. चमक कमी करायला साधारण ०.३ टक्के पुरतं, पूर्ण मंद, म्हणजे बिनचमकीच्या धाग्याला त्याच्या कितीतरी पट लागतं. पण पूड नीट विखुरली नसेल तर गुठळ्या फिल्टरमध्ये बसतात, दाब चढतो. निसटलेली गुठळी धाग्यात गेली की ताणताना तो नेमका तिथे तुटतो. नायलॉनमध्ये तर हीच पूड उजेडात पॉलिमरच्या साखळ्या तोडायला मदत करते, म्हणून सोबत मँगनीजचे क्षार घालतात. म्हणजे एका द्रव्याचा दोष झाकायला दुसरं!

रंगाच्या मास्टरबॅचचंही (रंग दाट भरलेल्या पॉलिमरच्या दाण्यांचंही) तसंच. तो ओला राहिला तर २८० अंशांच्या आसपासच्या वितळीत पाणी साखळ्या चिरतं आणि धागा कमजोर होतो. पॉलिमरचे साधे दाणे, म्हणजे चिप्स, वाळवून मास्टरबॅच तसाच ओतणं ही मी पाहिलेली सर्वांत महागडी चूक.

आणि ऊन! मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. गच्चीवरची पॉलिप्रॉपिलीनची स्वस्त दोरी हाताला भुसा लागेपर्यंत झिजते, ती अतिनील किरणांमुळे. त्यात या किरणांपासून वाचवणारा स्टॅबिलायझर पुरेसा असता तर ती बरीच जास्त टिकली असती. काळी दोरी घ्या, तिच्यातली काजळी स्वतःच किरण शोषते.