मॉरिशस, ऑगस्टमध्ये आठ रात्री: राहायचं कोणत्या किनाऱ्यावर?

प्रश्न
आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीची आई. आईचे गुडघे दुखतात आणि ती शाकाहारी आहे. पूर्वेला बेल मारमध्ये एक रिसॉर्ट बऱ्यापैकी स्वस्तात मिळतंय, फोटोही सुरेख आहेत. मुलाला समुद्रात मनसोक्त डुंबायचंय. बुक करावं का? आणि एकाच जागी राहून बेट फिरता येईल का?

वाऱ्याची_दिशा
फोटो बाजूला ठेवा, आधी वारा बघा. जून ते सप्टेंबर तिथे हिवाळा असतो आणि या दिवसांत आग्नेयेकडून व्यापारी वारे जोरात वाहतात. पूर्व किनारा थेट त्यांच्या तोंडाशी येतो. बेल मारची वाळू अप्रतिम आहे, पण ऑगस्टमध्ये वाऱ्यावर उडून तीच पोटऱ्यांना टोचते. पाणी साधारण 22-23 अंशांचं. त्यातून बाहेर येऊन वाऱ्यात उभं राहिलेलं मूल दोन मिनिटांत कुडकुडायला लागतं.

बेटाच्या मधल्या पठारामुळे आणि डोंगरांमुळे पश्चिम व वायव्य किनारा आडोशाला राहतो. नैर्ऋत्य टोकाचं ल मोर्न मात्र यात धरू नका. तिथे वारा डोंगराला वळसा घालून येतो आणि काइटसर्फिंगवाले (मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर फळीवरून घसरणारे) नेमके त्यासाठीच जमतात.

तुमच्यासाठी वायव्येचं त्रू ओ बिश. प्रवाळाची भिंत लाटा बाहेरच अडवते, आत उथळ, संथ पाणी. दुसरा पर्याय पश्चिमेचं फ्लिक आँ फ्लाक: लांबलचक किनारा, सुरूची झाडं, हाकेच्या अंतरावर दुकानं. पण तिथे पाण्याखाली बऱ्याच ठिकाणी मेलेल्या प्रवाळाचे तुकडे आणि काटेरी सागरी अर्चिन असतात. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट सगळ्यांना घ्याच. काटा तळव्यात मोडला की सहली तिथेच थांबतात.

खोलीचा_नकाशा
किनारा ठरला की खोली. 'सी व्ह्यू' म्हणजे समुद्र दिसतो एवढंच. मध्ये रस्ता असू शकतो. फ्लिक आँ फ्लाकमध्ये बरीच अपार्टमेंट्स रस्त्यापलीकडेच आहेत. पैसे भरण्याआधी ईमेलवर चार गोष्टी लेखी विचारा:

तळमजला मिळेल का, नसल्यास लिफ्ट आहे का? (दोन-तीन मजली इमारतींत ती नसणं अगदी नेहमीचं.)
शॉवर बाथटबमध्ये आहे का? टबचा कठडा गुडघाभर उंच असतो आणि ओल्या पायाने तो ओलांडणं तुमच्या आईंसाठी जिन्यापेक्षा धोक्याचं. सपाट फरशीवरचा शॉवर मागा.
पूल गरम केलेला आहे का? नसेल तर ऑगस्टमध्ये मुलगा त्यात फार वेळ टिकणार नाही.
हाफ बोर्डमध्ये नक्की काय येतं? सहसा नाश्ता आणि रात्रीचं जेवण. पेयांचे पैसे वेगळे.

शाकाहाराची फार काळजी नको. दुपारी रस्त्यावरची ढोल पुरी मिळते: वाटलेल्या डाळीचं सारण भरलेली मऊ पुरी, जोडीने विकतात, सोबत वालासारख्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी. नेहमीची 'करी' मागवताना मात्र मासे नाहीत ना, हे विचारून घ्या.

दोन_मुक्काम
बेट उत्तर-दक्षिण जेमतेम 65 किलोमीटर, त्यामुळे एकाच जागी राहणं शक्य आहे. पण विमानतळ आग्नेयेला, तिथून त्रू ओ बिशला तास-सव्वा तास लागतो. शामारेल (रंगीत माती आणि धबधबा) आणि गंगा तलाव (हिंदूंचं तीर्थस्थान) ही बघायची ठिकाणं नैर्ऋत्येकडे. उत्तरेतून रोज तिकडे जायचं तर राजधानी पोर्ट लुईची सकाळची वाहतूक आडवी येते. म्हणून चार रात्री त्रू ओ बिश, चार फ्लिक आँ फ्लाक. तिथून शामारेलला पाऊण-एक तास. परतीचं विमान सकाळी लवकर असेल तर शेवटची रात्र 'ब्लू बे' या किनाऱ्यावर काढा, विमानतळ अगदी जवळ आहे.

रविवारी सार्वजनिक किनाऱ्यांवर स्थानिक कुटुंबं डबे-चटया घेऊन येतात. वातावरण छान असतं, गाडी लावायला जागा नसते. पठारावरचं क्युरपीप शहर स्वस्त दिसलं तरी घेऊ नका. ऑगस्टमध्ये तिथे ढग, रिमझिम आणि स्वेटर.

प्रश्नकर्ती
बेल मार रद्द. गाडी चालवायला अवघड आहे का?

दोन_मुक्काम
नाही, आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच सांगून ठेवा. सूर्य पावणेसहा-सहाला मावळतो आणि शामारेलच्या घाटातली वळणं अरुंद आहेत, तेव्हा साडेचारला तिथून निघा. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडॉप्टर न्या.