मदत हवी आहे : तोंडातील पांढऱ्या चट्ट्याची तपासणी

सर्वांना नमस्कार. आम्ही इंदूरच्या रामबागेत राहतो. माझे थोरले दीर 46 वर्षांचे आहेत; मध्य प्रदेशात 2012 पासून गुटख्यावर बंदी असली, तरी सुपारी आणि तंबाखूच्या पुड्या एकत्र करून खाण्याची त्यांची सवय सुटलेली नाही. गेल्या महिन्यात ते पोळीचे अगदी बारीक घास करून खाताना दिसले, तेव्हा माझ्या लक्षात आले की तीन बोटे उभी जावीत एवढे उघडायला हवे असलेले तोंड जेमतेम दोन बोटेच उघडते. डाव्या गालाच्या आत पुसूनही न निघणारा पांढरा चट्टा आहे. जवळच्या दवाखान्यात केवळ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळाल्या. दुखत नाही म्हणून भाऊजी निर्धास्त आहेत. परंतु मुखाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, आणि याचीच मला धास्ती वाटते.

आधी शासकीय दंत महाविद्यालयात जावे की कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे? बायोप्सीचा अहवाल साधारण किती दिवसांत मिळतो? तिशीनंतर स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते, असे वाचले आहे. जाऊबाईंची तीही त्याच फेरीत करून घ्यावी, असा विचार आहे. घरच्या माणसाला तपासणीसाठी कसे तयार केले, हे कृपया अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे.