मदत हवी आहे: ल्युटेशियाचा फ्लक्स १८% कमी येतोय, तातडीचं

संज्ञा_अ:
तीन दिवस झाले, डोकं पिकलंय. ल्युटेशिया लघुग्रहाचा फ्लक्स (आपल्यापर्यंत पोचणारा प्रकाश) मॉडेलपेक्षा १८% कमी येतोय, लाल बँडमध्ये ७%. पाइपलाइन (डेटावर प्रक्रिया करणारा प्रोग्रॅम) तीच, जी माझ्या दीर्घिकांना लावते. शुक्रवारी गाईडना आकडा द्यायचाय. लघुग्रहांवर कॅलिब्रेशन (यंत्राचं माप ताडून बघणं) केलेलं कुणी आहे का इथे? "मॅन्युअल वाचा" म्हणू नका, वाचलंय.

कुलाबा_निवृत्त:
यंत्र कोणतं? तरंगलांबी कोणती? लाल म्हटल्यावर इथले निम्मे लोक सिग्नलचा दिवा समजतील.

संज्ञा_अ:
सॉरी. हर्शेल अवकाश दुर्बिणीचा पॅक्स कॅमेरा, अवरक्तातला. ७० आणि १६० मायक्रॉन, लाल म्हणजे १६०. अर्काइव्हमधला डेटा आहे, नवीन कुठून आणणार, २०१३ लाच गार ठेवणारं हेलियम संपलं त्याचं.

खडूस_गणिती:
मुळात लघुग्रह घेतलाच कशाला? पॅक्सचं मूळ कॅलिब्रेशन पाच ताऱ्यांवर आहे, त्यात आपले स्वाती आणि रोहिणी आहेत. तारा जागचा हलत नाही. लघुग्रह घेतला की सूर्यापासूनचं अंतर, आपल्यापासूनचं अंतर, कला, परिवलन, सगळं मांडत बसा. हौस असेल तर करा.

कुलाबा_निवृत्त:
हौस नाही हो, गरज आहे. रोहिणी ७० मायक्रॉनला १४ जान्स्की (फ्लक्सचं एकक), १६० ला पावणेतीन. तरंगलांबी दुप्पट झाली की ताऱ्याचा फ्लक्स पाव होतो. दुसऱ्या टोकाला युरेनस आणि नेपच्यून, शेकडो जान्स्की. मधला पट्टा कशाने भरणार? म्हणून सेरेस, पॅलास, व्हेस्टा आणि ल्युटेशिया. नासाच्या स्पिट्झर दुर्बिणीच्या १६० मायक्रॉनचं काय झालं आठवतं का? फिल्टरमधून जवळचं अवरक्त झिरपायचं आणि तारे नेमके तिथेच झगझगीत. तारा पाहिला की फुकटचा फ्लक्स. शेवटी कॅलिब्रेशन लघुग्रहांवरच केलं. टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्था) १ मीटरची दुर्बीण हैदराबादहून बलूनला लटकून वर जायची तेव्हा आमचं ग्रहांवर भागायचं, पण ते दिवस वेगळे.

गच्चीवरून_नाशिक:
छान माहिती. हा ल्युटेशिया ८ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीतून दिसेल का?

चहा_बिस्किट:
भाऊ, परिवलन पाहिलंस का? ८ तास १० मिनिटांत एक फेरी, वर अंग ओबडधोबड. अरुंद बाजू समोर असेल तर फ्लक्स कमीच येणार.

संज्ञा_अ:
भाऊ नाही, ताई. रोझेटा यान जुलै २०१० मध्ये त्याच्या जवळून गेलं, तेव्हापासून आकार पक्का आहे आणि परिवलन मॉडेलमध्येच धरलंय. शिवाय दोन्ही बँड एकाच वेळी नोंदले जातात. बाजूचा दोष असता तर दोन्हीकडे जवळपास सारखीच तूट आली असती ना?

दिवेआगर:
हे बरोबर. मग ७० ला जास्त आणि १६० ला कमी का, हा खरा प्रश्न. अ‍ॅपर्चर (मोजणीचं वर्तुळ) किती घेतलंस? आणि नकाशात ठिपका दिसतो कसा?

संज्ञा_अ:
त्रिज्या ६ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ठिपका शेंगेसारखा आहे, भुईमुगाच्या. पण पॅक्सचा पीएसएफ (बिंदूचा उमटणारा ठसा) तसाही तीन पाकळ्यांचा असतो, म्हणून दुर्लक्ष केलं.

दिवेआगर:
अगं, शेंगेचं आत्ता सांगतेस! दोन आडवेतिडवे स्कॅन एकत्र केलेस ना? सुरुवातीपासून शेवटापर्यंत किती वेळ? आणि लघुग्रह सरकतो किती?

संज्ञा_अ:
१२ मिनिटं. होरायझन्सप्रमाणे (नासाची ग्रहस्थिती सांगणारी सेवा) तासाला ४० आर्कसेकंद. ओह.

दिवेआगर:
८ आर्कसेकंद. ७० मायक्रॉनला बीम (ठिपक्याची रुंदी) साडेपाचचा, १६० ला ११ चा. म्हणून ७० ला जास्त सांडतंय. तुझ्या दीर्घिका जागच्या हलत नाहीत, त्यामुळे पाइपलाइन आकाश धरून नकाशा रचते. इथे लघुग्रह धरून रचायला हवा. हाइपमध्ये (हर्शेलच्या सॉफ्टवेअरमध्ये) त्यासाठी वेगळं टास्क आहे. दोन्ही स्कॅनना एकच संदर्भवेळ दे, नाहीतर शेंग तशीच राहील. आणि हाय-पास फिल्टरचा मास्क (फिल्टरपासून लघुग्रह वाचवणारं झाकण) कुठे ठेवलास?

संज्ञा_अ:
पहिल्या स्कॅनमध्ये दिसला तिथे.

दिवेआगर:
म्हणजे दुसऱ्या स्कॅनमध्ये तो मास्कच्या कडेला गेला. कडेबाहेरचं सगळं फिल्टर पार्श्वभूमी समजून खातो.

खडूस_गणिती:
मी पहिल्यांदाच म्हटलं होतं, तारे घ्या.

कुलाबा_निवृत्त:
संज्ञा, होरायझन्समध्ये निरीक्षक म्हणून पृथ्वी ठेवलीस की हर्शेल? ते एल-२ बिंदूपाशी होतं, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर लांब. अंतरामुळे फ्लक्समध्ये टक्काभर फरक, पण आकाशातली जागा पाव अंशाने चुकू शकते.

संज्ञा_अ:
पृथ्वीच ठेवली होती. बदलते. रात्री पुन्हा चालवून सांगते.

चहा_बिस्किट:
अवांतर: अपोफिस लघुग्रह १३ एप्रिल २०२९ ला येतोय त्याचं काय? आदळणार का?

दिवेआगर:
नाही. त्यासाठी वेगळा धागा काढ.

संज्ञा_अ:
झालं. ठिपका गोल आला. ७० ला तूट ४%, १६० ला ३%. सगळ्यांचे आभार, विशेषतः शेंग विचारणाऱ्यांचे. उरलेल्या ४% चं काय करू?

कुलाबा_निवृत्त:
काही करू नकोस. मॉडेलचाच भरवसा साधारण ५% चा आहे. चुकांच्या रकान्यात टाक आणि झोप.

गच्चीवरून_नाशिक:
डॉब्सोनियनचं राहिलं.

कुलाबा_निवृत्त:
प्रतियुतीला (आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला असताना) १० व्या प्रतीच्या आसपास असतो, ८ इंचीतून दिसेल. ताऱ्यांत हरवतो, म्हणून दोन रात्री रेखाटन करून ठेवा. जो ठिपका सरकला तोच.