मागच्या चाकाची हवा सारखी जाते, कंटाळा आलाय. मदत हवी

पांझराकाठ
धुळ्यात राहते. रोज पहाटे सायकलवर नकाणे तलावाला जाऊन येते. वेग वगैरे काही नाही, मोकळी हवा खायची आणि परतायचं. महिन्याभरात मागचं चाक चार वेळा बसलं. दर वेळी पंक्चर काढून आणलं, तीन-चार दिवस बरं चालतं, मग एका सकाळी बघावं तर टायर जमिनीला टेकलेलं. काटा न टोचणारं टायर कोणतं घ्यावं? लवकर सांगा, परवा रविवार आहे.

सराटा
भाऊ, टायर घ्यायची घाई नको. शेताच्या कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या ओढून नेतात, त्यांचे काटे रस्त्यावर गळतात. काटा मोडतो, टोक टायरमध्येच राहतं, आणि दुकानदार फक्त ट्यूबला ठिगळ लावून देतो. टायर पूर्ण उतरवा आणि आतून सुती फडकं फिरवा. बोट फिरवू नका, कापेल. फडक्याचा धागा जिथे अडकेल तिथे टोक आहे.

लळिंगचा उतार
काट्यापेक्षा तारा जास्त असतात. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यातून जातात. ट्रकची टायरं फुटली की त्यातल्या पोलादी तारेचे केसाएवढे तुकडे रस्त्याच्या कडेला पडतात. फडक्याला ती तार लागेलच असं नाही. टायर उलटं वाकवून उजेडात बघा आणि बारीक चिमट्याने ओढून काढा.

सराटा
ती तलावाला कोणत्या रस्त्याने जाते हे लिहिलेलंच नाही. महामार्ग मध्येच कुठून आला?

तापीचं पाणी
एवढा शोध कशाला? ट्यूबमध्ये पंक्चरचं लिक्विड भरा, १०० ते १२० मिली पुरतं. भोक पडलं की आपोआप बुजतं. खान्देशात सायकल चालवायची तर हे हवंच.

जुनी चोवीस इंची
कोणी काही विचारतच नाहीये. ताई, एवढं सांगा: टायरवर आकडे काय आहेत? वॉल्व्ह वालट्यूबचा आहे की मोटारसायकलसारखा? पुढचं चाक कधी बसलं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठिगळं ट्यूबच्या कोणत्या अंगाला आहेत, रस्त्याच्या की रिमच्या?

रोजचा फेरा
सीटची उंचीही बघून घ्या. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली नेलं की गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात थोडा वाक राहतो. सीट खाली असेल तर गुडघे दुखतात.

पांझराकाठ
टायर २६ × १.९५. वॉल्व्ह मोटारसायकलसारखा. पुढचं चाक वर्षभरात एकदाही बसलं नाही. आताच ट्यूब काढून पाहिली. चारही ठिगळं आतल्या अंगाला, म्हणजे रिमकडे. सीट बरोबर आहे, धन्यवाद.

जुनी चोवीस इंची
मग यात काट्याचा आणि तारेचा काही संबंध नाही. रिममध्ये स्पोकच्या निपलांसाठी (स्पोक रिमला धरणाऱ्या छोट्या नटांसाठी) भोकं असतात, त्यांवर रबराची पट्टी असते. ती ढिली होऊन बाजूला सरकली की हवेच्या दाबाने ट्यूब त्या भोकात फुगून उतरते आणि कडेवर कापली जाते. ठिगळ लावा, नवी ट्यूब घाला, पुन्हा तेच होणार. पट्टी बघा, कुठेतरी अर्धं भोक उघडं दिसेल.

तापीचं पाणी
तरी लिक्विडने भोक बुजेलच की.

जुनी चोवीस इंची
नाही बुजणार. चाक फिरताना लिक्विड बाहेरच्या अंगाला, रस्त्याकडे फेकलं जातं. रिमकडच्या भोकाशी ते पुरेसं पोचत नाही. शिवाय एकदा आतून ओलं झालं की भोकातून झिरपत राहतं आणि ठिगळ धड चिकटत नाही. काट्यांसाठी लिक्विड चांगलं आहे, या दुखण्यावर नाही.

पांझराकाठ
पट्टी एका जागी सरकलेली आहे, दोन भोकं उघडी दिसतायत. आता काय करू? इलेक्ट्रिकची चिकटपट्टी घरात आहे.

जुनी चोवीस इंची
ती नको. आपल्याकडच्या उन्हात तिचा गोंद पाघळतो आणि ती पुन्हा सरकते. सायकलच्या दुकानातून कापडी रिम टेप आणा, २६ इंची रिमला २ मीटर पुरते. रिमच्या आतल्या खोबणीची रुंदी मोजून न्या. टेपने भोकं पूर्ण झाकली पाहिजेत, पण टायरची कड जिथे बसते त्या पायरीवर ती चढता कामा नये, नाहीतर टायर वाकडं बसतं.

जुनी पट्टी काढा, रिम पुसून कोरडी करा. वॉल्व्हच्या भोकासमोरच्या बाजूने सुरुवात करून टेप ताणून लावा, शेवटी ५-६ सेंटिमीटर एकावर एक येऊ द्या. वॉल्व्हचं भोक टोकदार वस्तूने नेमकं पाडा, मोठं नको. रिम एकपदरी (आत पोकळ नसलेली) असेल तर स्पोकचं टोक निपलाच्या वर आलंय का ते बोटाने चाचपा, आलं असेल तर कानशीने घासून सपाट करा.

सराटा
आणि ताई, चार ठिगळांची ती ट्यूब ठेवू नका, नवीच घाला. (वर भाऊ म्हणालो, माफ करा.) टायर चढवताना शेवटची कड हाताने बसवा. टायर काढायच्या पट्टीने रेटली तर ट्यूब मध्ये चिमटते आणि दोन समांतर भोकं पडतात.

लळिंगचा उतार
हवा मात्र कमी ठेवा. मे महिन्यात उन्हात ट्यूब फुटते.

जुनी चोवीस इंची
हा गैरसमज आहे. ४५ पौंड हवा भरलेली सायकल २५ अंशांवरून ५५ अंशांवर गेली तर दाब साधारण ६ पौंडांनी वाढतो. टायर ते सहज सोसतं. उलट हवा कमी असेल तर खड्ड्यात रिम ट्यूबला दाबते. ताई, मागे ४० ते ४५ आणि पुढे ३५ ते ४० ठेवा. टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्यापुढे जाऊ नका.

अहिराणी माणूस
भाऊ, पुढलं चाकनी पट्टी बी देखी ल्या. तीबी तितलीच जुनी व्हई.

पांझराकाठ
दोन्ही चाकांसाठी टेप आणली. मागचं झालं. वॉल्व्हची चकती पान्याने आवळायची का?

सराटा
हातानेच, हलकी. जास्त आवळली तर ट्यूब वॉल्व्हच्या बुडाशी फाटते, आणि तिथे ठिगळ बसत नाही.