ताकद आणि नियंत्रण दोन्ही सांभाळणारे पिकलबॉल पॅडल कसे निवडावे?

नवखा_भिडू

नमस्कार. गेले आठ महिने मी आठवड्यातून चार संध्याकाळी पिकलबॉल खेळतो आहे. त्याआधी बरीच वर्षे बॅडमिंटन खेळल्यामुळे नेटजवळची चपळाई आणि मनगटाचा झटका हे भांडवल आयतेच हाताशी होते आणि पहिले काही महिने तेवढ्यावर निभावूनही गेले. पॅडल मात्र मी फारसा विचार न करता घेतले: गाभा १३ मिलिमीटर जाडीचा, पृष्ठभाग फायबरग्लासचा आणि वजन ७.६ औंस, म्हणजे सुमारे २१५ ग्रॅम. त्याने ड्राइव्ह, म्हणजे जोरकस सपाट फटका, मारला की चेंडू सणसणत जातो, त्याबद्दल काही म्हणणे नाही. अडचण आहे ती किचनच्या, म्हणजे नेटलगतच्या पट्ट्याच्या, रेषेवर. परवा दुहेरीच्या सामन्यात ९-९ अशी बरोबरी असताना समोरच्या बाईंनी माझ्या बॅकहँडला अगदी साधा, मऊ डिंक (नेटवरून हलकेच किचनमध्ये सोडलेला चेंडू) टाकला. मी पॅडल जेमतेम पुढे केले, फटका असा मारलाच नाही, तरीही चेंडू नेटच्या वर दीड-दोन फूट उठला आणि त्यांनी तो सरळ माझ्या पायांत मारला. उरलेले दोन गुणही थोड्याफार फरकाने असेच गेले.

त्यानंतर एका सोबत्याचे १६ मिलिमीटरचे, रॉ (खरखरीत पृष्ठभागाच्या) कार्बन फायबरचे पॅडल तीन दिवस उसने घेऊन पाहिले. डिंक आणि तिसऱ्या फटक्याचे ड्रॉप (सर्व्हिस आणि तिच्या परताव्यानंतर मागून हलकेच किचनमध्ये टाकायचे चेंडू) एकदम ताब्यात आले. पण ड्राइव्हमधला जीवच गेल्यासारखे वाटले आणि डोक्यावरून मारलेला स्मॅशसुद्धा समोरचे निवांतपणे परतवू लागले. आता कोणी म्हणते की मधला मार्ग म्हणून १४ मिलिमीटर घ्या, कोणी म्हणते लांबट आकाराचे घ्या, तर कोणी वजन वाढवायला सांगते. ताकद आणि नियंत्रण यांचा मेळ नेमका कशाने बसतो? अलीकडे खेळून झाल्यावर कोपराच्या बाहेरच्या बाजूस थोडी कळ येते, हेही सांगून ठेवतो.

तिसरा_फटका

गुण कुठे आणि कसे गेले हे तुम्ही लिहिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. एरवी ‘कोणते पॅडल चांगले’ एवढाच प्रश्न येतो आणि त्याला तेवढीच निरुपयोगी उत्तरे मिळतात.

आधी एक घोळ निस्तरू. आपण ‘ताकद’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. हात आणि खांदा पूर्ण फिरवून मारलेल्या फटक्याला पॅडलकडून जो वेग मिळतो ती एक गोष्ट, आणि हात जवळजवळ स्थिर असतानाही चेंडू पॅडलवरून ज्या तडफेने सुटतो, ज्याला खेळाडू ‘पॉप’ म्हणतात, ती दुसरी. तुमच्या जुन्या पॅडलमध्ये पॉप भरपूर आहे आणि ९-९ वर तोच तुम्हाला नडला. किचनच्या दोन रेषांमध्ये अवघे १४ फूट अंतर असते आणि मधोमध नेटची उंची ३४ इंच असते. तेवढ्या जागेत चेंडू नेटवरून नेऊन लगेच खाली बसवायचा, तर पॅडलने स्वतःहून दिलेला थोडासा वेगही जास्त होतो. बेसलाइनवरून मारलेल्या ड्राइव्हला हा पॉप अर्थातच सुखाचा वाटतो. पण तिथे वेग मिळवायला तुमच्यापाशी पाय, कंबर आणि खांदा आहेत, डिंकच्या वेळी वेग काढून घ्यायला मात्र हाताच्या सैल पकडीखेरीज काहीही नाही.

हा पॉप येतो कुठून, तर मुख्यतः गाभ्याची जाडी आणि पृष्ठभागाचे साहित्य यांतून. गाभा बहुधा पॉलिप्रोपिलीनच्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी घरांचा असतो. (ही पोळ्याची कल्पना विमानांतून आली. १९८४ साली बोइंगमधील अभियंता आर्लेन परांटो यांनी विमानात वापरल्या जाणाऱ्या पोळेदार पत्र्यांपासून पॅडल तयार केली. त्यापूर्वीची प्लायवूडची असत.) गाभा पातळ असला की चेंडू लागताक्षणी पृष्ठभाग जास्त लवतो आणि झटक्याने परत येतो, जाड गाभ्यावर हा झटका मंदावतो, फटक्याचा हादरा कमी बसतो आणि मध्यभागापासून थोडा बाजूला लागलेला चेंडूही फार बिघडत नाही. फायबरग्लास कार्बनपेक्षा लवचीक असल्यामुळे तोही चेंडू उडवतो, तर कार्बन ताठ असल्याने चेंडू कुठूनही लागला तरी प्रतिसाद बराचसा एकसारखा मिळतो. म्हणजे तुमच्या पॅडलमध्ये पॉप वाढवणाऱ्या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि सोबत्याच्या पॅडलमध्ये तो कमी करणाऱ्या दोन्ही; त्यामुळेच दोहोंतला फरक तुम्हाला इतका तीव्र वाटला.

माझे मत असे की १६ मिलिमीटरच घ्यावे, पण वजन ७.९ ते ८.२ औंस, म्हणजे साधारण २२४ ते २३२ ग्रॅम असावे. कमी पडलेला वेग वजनाने आणि अंगाच्या फिरण्याने भरून काढता येतो; पॅडलमध्ये मुळातच असलेला पॉप मात्र नंतर कोणत्याही उपायाने काढून टाकता येत नाही. सोबत्याचे पॅडल किती वजनाचे होते, ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिलेत का? पॅडलवर छापलेले वजन आणि प्रत्यक्षातले वजन यांत पाच-सात ग्रॅमचा फरक सहज असतो.

मनगटबहाद्दर

मीही बॅडमिंटनमधूनच या खेळात आलो, म्हणून वरच्या प्रतिसादाला थोडे जोडतो आणि थोडा विरोधही करतो.

शटलचे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असते आणि पिकलबॉलचा चेंडू २२.१ ते २६.५ ग्रॅमचा, म्हणजे शटलच्या चौपट-पाचपट. रॅकेट ८०-९० ग्रॅमची आणि पॅडल सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. बॅडमिंटनमध्ये मनगटाच्या झटक्याला जो मोबदला मिळतो, तो इथे मिळतच नाही. उलट तो झटका कोपराला सोसावा लागतो. पातळ आणि उसळत्या पॅडलने तुमची ही सवय आजवर झाकली गेली. १६ मिलिमीटरच्या पॅडलने तसे केले नाही, म्हणून तुम्हाला ड्राइव्हमधला जीव गेल्यासारखा वाटला. माझ्याही बाबतीत अगदी हेच झाले होते आणि मी महिनाभर पॅडलला बोल लावत होतो. शेवटी एकाने माझा फटका मागून मोबाइलवर टिपून दाखवला, तेव्हा खांदे समोरच्या दिशेला गोठलेले आणि फक्त मनगट वळवळते आहे, असे विनोदी दृश्य दिसले.

विरोध एवढाच की १४ मिलिमीटरला सरसकट बाद ठरवू नये. जाडी हा एकच आकडा सगळे ठरवत नाही. साचात उष्णता आणि दाब देऊन एकसंध घडवलेली, कडेला फोम भरलेली थर्मोफॉर्म्ड पॅडल १६ मिलिमीटरची असूनही जुन्या धाटणीच्या १४ मिलिमीटरच्या पॅडलपेक्षा जास्त तडफदार निघतात, हे मी स्वतः एकाच संध्याकाळी दोन्ही आलटून पालटून खेळून अनुभवले आहे. तेव्हा ‘१६ म्हणजे मऊ’ असे धरून डोळे मिटून घेऊ नका.

लांबट आकाराबद्दल म्हणाल तर सध्या तो नको. नियमाप्रमाणे पॅडलची लांबी आणि रुंदी मिळून २४ इंचांपेक्षा जास्त असता कामा नये आणि लांबी १७ इंचांच्या आत हवी. त्यामुळे लांबी वाढवली की रुंदीला कात्री लागते. साडेसोळा इंच लांब आणि साडेसात इंच रुंद पॅडलने पल्ला वाढतो, टोकाकडच्या वजनामुळे ड्राइव्हही जड पडतो. पण चेंडू कडेला लागला की अरुंद पॅडल हातात चटकन वळते आणि ते वळणे मनगट व कोपर यांनाच आवरावे लागते. सोळा बाय आठ इंचांचे रुंद पॅडल या बाबतीत बरेच क्षमाशील असते. दोन हातांचा बॅकहँड मारत असाल तर मात्र मूठ साडेपाच इंच लांब असलेले पाहा, नाहीतर दुसऱ्या हाताला जागाच उरत नाही.

कडेची_पट्टी

वजन वाढवण्याचा विषय निघालाच आहे, तर ते कुठे वाढवायचे हेही लिहिणे आवश्यक आहे, कारण त्याच चुकीने माझे दोन महिने गेले. मी ताकद हवी म्हणून शिशाची पट्टी पॅडलच्या अगदी वरच्या टोकाला लावली, तीही एकदम दहा ग्रॅम. फटका जोरदार झाला यात शंका नाही. पण नेटजवळ समोरून वेगाने आलेल्या चेंडूसमोर पॅडल वेळेवर पोचेना, आणि तिसऱ्या आठवड्यात चहाचा कप उचलतानाही कोपर दुखू लागला.

पॅडल घड्याळाच्या तबकडीसारखे समोर धरले, तर बाराच्या जागी लावलेले वजन फिरवताना सर्वांत जास्त जाणवते, म्हणजे स्विंग वेट वाढते. तीन आणि नऊच्या जागी लावलेल्या वजनाने स्विंग वेट तुलनेने कमी वाढते आणि पॅडल मुठीभोवती वळण्याला होणारा विरोध, ज्याला ट्विस्ट वेट म्हणतात, तो मुख्यतः वाढतो. तुमच्या अडचणीला नेमके हेच हवे आहे. कडेला लागलेला चेंडू पॅडलला वळवू शकला नाही की ब्लॉक, म्हणजे वेगाने आलेला चेंडू नुसता अडवून परतवणे, नीट जमते आणि त्याच फटक्याला थोडा अधिक वेगही मिळतो. म्हणजे एकाच पट्टीने दोन्ही पारड्यांत थोडे थोडे पडते. दोन्ही कडांना प्रत्येकी तीन ग्रॅमपासून सुरुवात करावी, निदान चार-पाच दिवस खेळावे आणि मगच आणखी लावायचे की नाही ते ठरवावे. अशी पट्टी लावण्यास नियमांची आडकाठी नाही. शिसे हाताळायचे नसेल तर टंगस्टनच्या पट्ट्याही मिळतात. कोणतीही पट्टी लावण्यापूर्वी कडेचे संरक्षक रबर कोरड्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर घामाने ती दुसऱ्याच दिवशी सुटते.

मुठीच्या जाडीकडे कोणीच वळले नाही, याचे नवल वाटले. मूठ फार बारीक असेल तर पॅडल वळू नये म्हणून आपण नकळत ती आवळून धरतो, आणि आवळलेल्या पकडीत मऊ फटका निघत नाही. कोपराच्या कळीचेही ते एक कारण असू शकते. पॅडल धरल्यावर बोटांची टोके आणि तळव्याचा उंचवटा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी अलगद मावली पाहिजे. दोन मापांमध्ये अडकलात तर बारीक मूठ घ्या. ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवरची जादा पातळ पट्टी, गुंडाळून ती वाढवता येते, जाड मूठ मात्र तासता येत नाही. आणि कळ दोन आठवड्यांत थांबली नाही तर पॅडलचा विचार बाजूला ठेवून फिजिओथेरपिस्टला दाखवा.

नवखा_भिडू

सर्वांचे मनापासून आभार. सोबत्याचे पॅडल काट्यावर ठेवले. ते २१९ ग्रॅम भरले, म्हणजे माझ्या पॅडलपेक्षा जेमतेम चार ग्रॅम जास्त. माझ्या मुठीत तर्जनी मावत नाही, बोटे तळव्याला टेकतात. फटक्याचे चित्रीकरणही केले आणि त्याविषयी न बोललेलेच बरे.

आणखी एक प्रश्न. एक ओळखीचे गृहस्थ त्यांचे वर्षभर वापरलेले थर्मोफॉर्म्ड पॅडल मला देऊ करत आहेत. ‘आता ते नवे होते त्यापेक्षाही जोरात मारते’ असे ते कौतुकाने सांगतात. १६ मिलिमीटरचे आहे. घ्यावे का?

तिसरा_फटका

नको. पॅडल वापराने जोरदार होत गेले असेल तर बहुधा आतला गाभा दबला आहे किंवा पृष्ठभाग त्यापासून सुटला आहे. मग पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा चेंडू उडवू लागतो आणि तोही सगळीकडे सारखा नव्हे. बोटाच्या पेराने पॅडलभर टिचक्या मारून ऐका. एका जागी आवाज बदलून बोदा येत असेल किंवा अंगठ्याने दाबल्यावर तेवढाच भाग दबत असेल, तर संशयाला जागा उरत नाही. असे पॅडल अधिकृत स्पर्धेत चालत नाही, मग त्याचे मॉडेल यूएसए पिकलबॉल या अमेरिकेतील नियामक संस्थेच्या मान्यताप्राप्त यादीत असले तरीही. शिवाय तुमच्या मूळ तक्रारीला ते अगदी उलटे औषध ठरेल. रॉ कार्बनचा खरखरीतपणाही वर्षभराच्या वापरात बराच झिजलेला असणार, तेव्हा ज्या फिरकीच्या आधारे जोरदार ड्राइव्ह बेसलाइनच्या आत उतरतो तीही कमी मिळेल.

त्यापेक्षा सोबत्याचेच पॅडल आणखी एक आठवडा मागून घ्या, त्यांची हरकत नसेल तर दोन्ही कडांना तीन-तीन ग्रॅम पट्टी आणि वर एक ओव्हरग्रिप लावा. ओव्हरग्रिपचे पाच-सात ग्रॅम धरून ते २३० च्या आसपास जाईल, पण मुठीवरचे वजन फिरवताना फारसे जाणवणार नाही. मग बेसलाइनवरून दहा ड्रॉप मारून किती किचनमध्ये पडतात ते मोजा, दहा ड्राइव्ह मारून किती आत राहतात ते मोजा, आणि जोडीदाराला चार-पाच पावलांवरून अंगावर मारायला सांगून दहापैकी किती चेंडू खाली बसवता येतात ते पाहा. ही मोजणी ताज्या हाताने करू नका. दीड तास खेळून झाल्यावर, हात जड झालेला असताना करा.

नवखा_भिडू

काल दीड तास खेळून झाल्यावर मोजले. पट्टी आणि ओव्हरग्रिप लावलेल्या १६ मिलिमीटरच्या पॅडलने दहापैकी सात ड्रॉप किचनमध्ये पडले, माझ्या जुन्या पॅडलने तीन. ड्राइव्ह अनुक्रमे आठ आणि सहा आत राहिले. वेग किंचित कमी आहे, हे खरे. पण जुन्या पॅडलचे चार ड्राइव्ह बाहेरच गेले होते, त्यामुळे त्या वेगाचे काय करायचे हा प्रश्नच आहे. अंगावरचे चेंडू मात्र दोन्ही पॅडलने पाचच बसले, तेव्हा तो दोष माझ्याकडे घेतो. रुंद आकाराचे, १६ मिलिमीटरचे, २२५ ग्रॅमच्या आसपासचे पॅडल शोधायला सुरुवात केली आहे. सोबत्याने पट्ट्या काढू नका म्हणून सांगितले आहे. आता त्यालाच ते पॅडल पहिल्यापेक्षा जास्त आवडू लागले आहे.